इथिओपियन ताट घरच्या ओट्यावर: इंजेरा आणि मिसिर वोत

इथिओपियन हॉटेलात शाकाहारी माणसाने डोळे मिटून मागवावं ते ‘येत्सोम बेयायनेतू’, म्हणजे उपासाचं मिश्र ताट. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरआधी ५५ दिवस मांस, अंडी, दूध, तूप वर्ज्य करतात. कांदा, लसूण, डाळी चालतात. साबुदाण्याशी या उपासाचा काही संबंध नाही. ताटात मुख्य दोनच गोष्टी: ‘इंजेरा’, म्हणजे आंबवलेल्या पिठाचा मऊ, जाळीदार, घावनासारखा प्रकार, आणि ‘मिसिर वोत’, म्हणजे मसूर डाळीची दाट, तिखट आमटी. हे ताट पुण्यात घरी चार जणांसाठी सहज होतं. सामानात थोडी अदलाबदल खपते, कृतीचा क्रम बदललेला खपत नाही.

रविवारी दुपारी जेवायचं तर गुरुवारी रात्री पीठ भिजवा. एप्रिल-मेमध्ये शुक्रवारी रात्री भिजवलं तरी पुरतं, उलट जास्त ठेवलं तर जहाल आंबट होतं. डिसेंबर-जानेवारीत पातेलं बंद ओव्हनमध्ये किंवा ब्लँकेटात गुंडाळून ठेवा.

५०० ग्रॅम टेफचं (इथिओपियातलं बारीक दाण्याचं धान्य) पीठ आणि ७५० मिली पाणी हे प्रमाण. टेफ ऑनलाइन मागवावं लागतं आणि स्वस्त नसतं. नाहीच मिळालं तर २५० ग्रॅम नाचणी, १५० ग्रॅम ज्वारी, १०० ग्रॅम मैदा. ज्वारी आणि नाचणी मूळच्या तिकडच्याच, त्यामुळे ही तडजोड वाटते तेवढी परकी नाही. मैदा फक्त बांधून ठेवण्यासाठी. ग्लुटेन चालत नसेल त्यांनी तो वगळावा, इंजेरा थोडा तुटेल इतकंच. पहिल्या वेळी चिमूटभर यीस्ट घाला. दही नको, त्याचा आंबटपणा वेगळा लागतो. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास येत असेल तर उकळून गार केलेलं पाणी वापरा, नाहीतर आंबायला उशीर होतो. पातेलं झाका, पण घट्ट नको.

दोन-अडीच दिवसांनी वर पिवळसर-काळपट पाणी साचतं. हा ‘एर्शो’. तो काढून घ्या, पण टाकू नका.

आता बहुतेक जण गाळतात ती पायरी: ‘अब्सित’. आंबलेलं पीठ अर्धी वाटी घ्या, दीड वाटी उकळत्या पाण्यात घालून मंद आचेवर सतत ढवळत चकचकीत, दाट खळ होईपर्यंत शिजवा. कोमट झाली की उरलेल्या पिठात मिसळा. गरम ओतली तर आंबवणारे जंतूच मरतात. दीड-दोन तासांत पीठ फसफसून वर येतं. मग पाणी घालून घावनाच्या पिठाइतकं पातळ करा आणि चवीपुरतं मीठ घाला. अब्सितशिवाय इंजेरा चिरतो आणि गुंडाळताना मोडतो. घाईत इनो घातलं तर जाळी पडेल, चव येणार नाही.

२८ सेंटीमीटरचा नॉनस्टिक तवा आणि त्यावर बसणारं झाकण लागेल. तेल अजिबात नको. तेलकट तव्यावर पीठ सरकतं आणि भोकं बुजतात. तवा चांगला तापला की पीठ कडेकडून मध्याकडे गोल गोल ओता. पृष्ठभागावर ‘डोळे’ उघडेपर्यंत थांबा, मगच झाकण ठेवून दीड-दोन मिनिटं वाफ द्या. उलटायचा नाही. कडा आपोआप सुटल्या की झाला. डोळे पडत नसतील तर आधी आच वाढवा, मग पीठ पातळ करा. तरीही नाहीत तर आंबणं कमी पडलंय, तासभर थांबा. प्रत्येक वेळी झाकणातलं पाणी पुसा, थेंब पडले की चिकट डाग राहतात. झालेले इंजेरे सुती कापडावर सुटे गार करा, नंतरच एकावर एक रचा. साधारण दहा होतात.

आंबवण चालू असताना बर्बेरे, म्हणजे वोतचा तिखट मसाला, करून ठेवा. ५० ग्रॅम ब्याडगी मिरची, चमचाभर धणे, अर्धा-अर्धा चमचा मेथी, ओवा, कलौंजी, मिरे आणि सुंठ, चार लवंगा, सहा हिरव्या वेलच्यांचे दाणे. मेथी हलकी भाजा. काळी झाली तर सगळा मसाला कडू. गोडा मसाला ढकलून देण्याचा मोह आवरा, दगडफूल आणि खोबरं इथे बेसूर लागतात.

मिसिर वोतसाठी अर्धा किलो कांदा अगदी बारीक चिरून जाड बुडाच्या पातेल्यात तेलाशिवाय परता. लागायला लागला की पाण्याचा हबका मारा. २०-२५ मिनिटं लागतात, आणि वोतला दाटपणा येतो तो यातूनच. आधी तेल घातलं की कांदा तळला जातो, विरघळत नाही. मग पाच मोठे चमचे तेल, कारळ्याचं मिळालं तर फारच छान, तिथेही ते वापरतात. दोन चमचे बर्बेरे मंद आचेवर दहा मिनिटं परता, आलं-लसूण घाला, अर्धा तास भिजवलेली २५० ग्रॅम मसूर डाळ आणि तीन वाट्या गरम पाणी घालून शिजवा. हळद नको. हळद जाते ती सोबतच्या कोबी-बटाटा-गाजराच्या ‘तिकिल गोमेन’मध्ये, ती भाजी सोपीच आहे.

मोठ्या परातीत एक इंजेरा पसरून त्यावर वोत आणि भाजीचे ढीग घाला, बाकीचे इंजेरे गुंडाळून बाजूला ठेवा. उजव्या हाताने तुकडा तोडून त्यानेच उचलायचं, चमचा नाही. एखादा घास शेजारच्याच्या तोंडात भरवणं म्हणजे ‘गुर्शा’; नाही म्हणणं बरं दिसत नाही. सगळ्यात चविष्ट असतो तळाचा रसात भिजलेला इंजेरा, तो शेवटी खातात. हॉटेलात गेलात तर ‘बोझेना शिरो’ या पिठल्यासारख्या पदार्थात मांस असतं, एवढं लक्षात ठेवा.

उरलेले इंजेरे दुसऱ्या दिवशी तोडून वोतमध्ये कालवा, त्याला ‘फिरफिर’ म्हणतात. एर्शो बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. आठवडाभरात पुन्हा पीठ भिजवलंत तर यीस्टऐवजी त्यातलं अर्धी वाटी पुरे.