आपल्याच मशीनवर व्हीएममध्ये डॉकर होस्ट कसे उभे करायचे

डॉकर म्हणजे प्रोग्राम कंटेनरमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या डब्यांत, चालवायचं साधन. एकाच मशीनवर कंटेनर चालवून ते शिकता येतं, पण दोन-तीन होस्ट (डॉकर चालवणारी मशीन) एकमेकांशी कसे बोलतात ते कळायचं असेल तर व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आपल्या मशीनच्या आत चालणारं दुसरं मशीन) सोयीच्या पडतात. कंटेनर होस्टचाच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) वापरतो, व्हीएमला स्वतःचा कर्नल असतो, त्यामुळे आत काहीही मोडतोड झाली तरी आपलं मशीन शाबूत राहतं.

व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी एकच व्हीएम बनवा, उबुंटू सर्व्हर (लिनक्सचा एक प्रकार) टाका, २ जीबी रॅम, २ सीपीयू आणि २० जीबी डिस्क सरावाला पुरते. इन्स्टॉल करतानाच एसएसएच सर्व्हरला (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायची सोय) टिक करा, मग डॉकरच्या अधिकृत रिपॉझिटरीतून इंजिन घ्या. युजरला डॉकर ग्रुपमध्ये टाकलं की दरवेळी सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) लागत नाही, फक्त तो ग्रुप म्हणजे जवळजवळ रूटच, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, त्यामुळे कुणालाही देऊ नका.

आता नेटवर्क, बहुतेक जण इथेच अडकतात. डीफॉल्ट नॅटमध्ये (व्हीएमला आपल्या मशीनमार्फत इंटरनेट देणारी पद्धत) प्रत्येक व्हीएमला तोच १०.०.२.१५ आयपी मिळतो आणि व्हीएम एकमेकींना दिसतच नाहीत, म्हणून दुसरं नेटवर्क अडॅप्टर होस्ट-ओन्ली (फक्त आपलं मशीन आणि व्हीएम यांच्यातलं नेटवर्क) लावा, त्याला साधारण १९२.१६८.५६ ने सुरू होणारा आयपी मिळतो. हे अडॅप्टर नंतर जोडलं असेल तर उबुंटू ते आपणहून चालू करत नाही, नेटप्लॅनच्या (उबुंटूची नेटवर्क सेटिंग) फाइलमध्ये त्याचं नाव टाकून डीएचसीपी (आपोआप आयपी मिळवायची पद्धत) ट्रू करा आणि नेटप्लॅन अप्लाय चालवा.

मग क्लोन, म्हणजे या व्हीएमच्या नकला. नवीन मॅक अड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) बनवायचा पर्याय निवडायचाच, पण तेवढ्याने भागत नाही बरं का! ईटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी फाइल दोन्हीकडे सारखीच राहते, उबुंटू डीएचसीपीला आपली ओळख त्यावरूनच सांगतं, म्हणून मॅक वेगळा असूनही दोघींना एकच आयपी येतो आणि माणूस तासन्‌तास डोकं धरून बसतो. क्लोन करायच्या आधी ती फाइल रिकामी करा (डिलीट नको, फक्त रिकामी) आणि लगेच व्हीएम बंद करा, प्रत्येक क्लोन बूट होताना स्वतःची नवीन आयडी बनवेल. होस्टनेम (मशीनचं नाव) पण बदला.

स्वॉर्म (अनेक होस्ट एकत्र जोडायची डॉकरची सोय) चालू करताना अ‍ॅडव्हर्टाइज अड्रेस (बाकी होस्टना कळवायचा पत्ता) म्हणून होस्ट-ओन्लीवाला आयपी स्पष्ट द्या, दोन अडॅप्टर असल्यामुळे डॉकरला कुठला घ्यायचा ते ठरवता येत नाही. फायरवॉल असेल तर २३७७, ७९४६ आणि ४७८९ हे पोर्ट उघडा, ७९४६ टीसीपी-यूडीपी दोन्ही, ४७८९ फक्त यूडीपी. आणि कंटेनरचा पोर्ट पब्लिश केला (बाहेरून वापरता येईल असा जोडला) की तो यूएफडब्ल्यूला, म्हणजे उबुंटूच्या फायरवॉलला, वळसा घालून बाहेर उघडा होतो, हे नीट लक्षात ठेवा.

सगळं चाललं की प्रत्येक व्हीएमचा स्नॅपशॉट (परत येता येईल अशी जपलेली स्थिती) घ्या आणि आपल्या मशीनवर एसएसएचवरून डॉकर कॉन्टेक्स्ट (कुठल्या होस्टशी बोलायचं त्याची नोंद) बनवा, मग व्हीएममध्ये लॉगिन न करताच सगळ्या कमांड चालवता येतात.