सर्च क्वेरीत व्हेरिएबल: टक्का नेमका कुठे ठेवायचा

पुस्तकांच्या यादीत लेखकाच्या नावाने शोध द्यायचा आहे. पीएचपी आणि मायएसक्यूएल आहे, टेबल तयार आहे, फॉर्ममधला शब्द $शब्द मध्ये येतोय, असं धरून चालतो. कोड इथे देवनागरीत लिहिलाय. एडिटरमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.

१. पीडीओने, म्हणजे पीएचपीच्या डेटाबेसशी बोलणाऱ्या साधनाने, कनेक्शन उघडा आणि त्यातच कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ द्या. नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग बघत बसाल.

२. व्हेरिएबल क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या हुकमाच्या, मजकुरात घालू नका. ‘डबल कोटात व्हेरिएबल लिहा, आपोआप किंमत भरली जाते’ हा सल्ला अजून फिरतोय. मायएसक्यूएलच्या ज्या जुन्या फंक्शनांबरोबर तो शिकवला जायचा, ती पीएचपी ७ मधून, म्हणजे २०१५ च्या डिसेंबरात, काढूनही टाकली. सल्ला मात्र जात नाही.

मीही तसंच केलं होतं, वसईतल्या एका वाचनालयासाठी. काही दिवस सगळं सुरळीत. मग कुणीतरी इंग्रजीत ‘डि'सोझा’ शोधलं आणि पानभर एरर. नावातल्या त्या उभ्या टिंबाने, म्हणजे सिंगल कोटाने, माझा कोट मधेच बंद केला आणि उरलेलं ‘सोझा’ मायएसक्यूएलने हुकूम म्हणून वाचायला घेतलं. वसईत हे आडनाव गल्लोगल्ली! शोधणारा साधा वाचक होता म्हणून बचावलो. त्याच फटीतून कुणी सगळ्या सभासदांची यादी बाहेर काढू शकला असता. ‘मग ते टिंबच काढून टाका’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. टिंब काढलंत की डि'सोझांची पुस्तकं सापडणारच नाहीत.

३. क्वेरीत किंमतीच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा, क्वेरी प्रिपेअर करा, म्हणजे आधी तयार करून ठेवा, आणि किंमत एक्झिक्यूट करताना, म्हणजे ती चालवताना, वेगळी द्या.

इथवर सगळे येतात. आणि मग लाइक, म्हणजे मजकुराचा तुकडा जुळवणारा शब्द, लावताना अडकतात. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेलीय. नावाचा तुकडा शोधायचा तर दोन्ही बाजूंना टक्का (‘इथे काहीही चालेल’) हवा, म्हणून हात सहज हे लिहितो:

व्हेअर लेखक लाइक '%?%'

हे चुकीचं आहे. कोटाच्या आत गेलेलं प्रश्नचिन्ह ही रिकामी जागा उरत नाही, ते नुसतं एक अक्षर होतं. पीडीओच्या हिशेबात तुम्ही एक किंमत दिलीत, पण इथे जागा शून्य, आणि शोध फसतो. मी आधी प्रश्नचिन्हाऐवजी :शब्द असं जागेचं नाव देऊन पाहिलं, कोट बदलून पाहिले. कशानेच काही होत नाही, कारण चूक टक्क्याच्या जागेत आहे. टक्का किंमतीचा भाग आहे, क्वेरीचा नाही:

व्हेअर लेखक लाइक ?

आणि एक्झिक्यूटला द्यायची किंमत: '%' . $शब्द . '%'

प्रश्नचिन्हाभोवती कोट नाहीत, टक्के नाहीत, काहीही नाही. कॉन्कॅट वापरून क्वेरीतही टक्के जोडता येतात, पण मला ते वाचायला आवडत नाही.

आता एक गोष्ट जी बहुतेक जण सांगतच नाहीत. प्रश्नचिन्हामुळे कोट निरुपद्रवी होतो, टक्का होत नाही. वाचकाने स्वतःच टक्का टाइप केला तर लाइक त्याला ‘काहीही चालेल’ असंच समजतं. अंडरस्कोर म्हणजे ‘कोणतंही एक अक्षर’. म्हणून टक्के जोडण्याआधी $शब्द मधल्या टक्का, अंडरस्कोर आणि बॅकस्लॅशच्या अगोदर एकेक बॅकस्लॅश घाला. अ‍ॅडसीस्लॅशेस हे फंक्शन ते करतं. शब्द रिकामा असेल तर क्वेरी चालवूच नका, नाहीतर अख्खं टेबल समोर येईल.

४. एका पानावर २० निकाल हवेत म्हणून लिमिटलाही प्रश्नचिन्ह लावलंत, तर ती किंमत बाइंडव्हॅल्यूने, पूर्णांक म्हणून सांगून द्या. एक्झिक्यूटच्या अ‍ॅरेतून दिलेलं सगळं पीडीओ मजकूर मानतं. मग नेहमीच्या सेटिंगमध्ये क्वेरीत लिमिट '२०' असं जातं आणि मायएसक्यूएल ते नाकारतं.

५. ‘लेखकानुसार की शीर्षकानुसार’ असा क्रम वाचकाला निवडू द्यायचा असेल, तर कॉलमच्या नावाला प्रश्नचिन्ह चालत नाही. एररही येत नाही, नुसता क्रम लागत नाही. चालणाऱ्या नावांची यादी कोडमध्ये ठेवा, आलेलं नाव त्यात असेल तरच क्वेरीत जोडा.