लोड वाढवायचा खर्च कसा वाचला (माझा अनुभव)

गीझर न एसी एकदम लावला की मेन एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप वीज तोडणारा स्विच) पडायचा. वायरमन म्हणाला लोड (कनेक्शनवर एकदम किती वीज वापरायला मंजुरी आहे ते) वाढवा, मीटरपासून नवीन केबल टाका, कोटेशन बघून डोळेच पांढरे झाले! त्यात निम्मा खर्च भिंत फोडून परत प्लास्टर करायचाच होता. मग आधी बेरीज केली, गीझर 2000 वॅट, एसी 1500, म्हणजे साडेतीन किलोवॅट, मंजूर लोड 5, मग पडतोय कशाला? दुसऱ्या वायरमनने सप्लाय बंद करून बोर्ड उघडला तर एमसीबीचा स्क्रू ढिला, वायरचं टोक काळं पडून इन्सुलेशन कडक झालेलं. ढिल्या जोडाची गरमी एमसीबीच्या आतल्या पट्टीला लागते न तो लवकर पडतो. जळकं टोक कापलं, तेवढ्याच अँपियरचा नवा एमसीबी बसवला, तासाभराचं काम. मोठा एमसीबी मुद्दाम नाही टाकला, वायर जुनीच आहे ना, मग तीच जळाली असती. आता तीन महिने झाले, एकदाही पडला नाही.