फिरायला नेताना कुत्र्याचे रक्षण

गल्लीतील भटके कुत्रे बहुधा आपल्या हद्दीच्या रक्षणासाठी अंगावर येतात, त्यामुळे त्यांच्या टोळीची जागा ओळखून तो रस्ता, विशेषतः पहाटे आणि रात्री उशिरा, टाळणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. लांबत जाणारा पट्टा गर्दीत धोक्याचा ठरतो. साधा, सुमारे दीड मीटरचा पट्टा वापरावा. समोरून कुत्रा गुरगुरत आला तर पळू नये, कारण पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा त्याचा स्वभावच आहे; आपल्या कुत्र्याला मागे घेऊन स्वतः मध्ये उभे राहावे, ठाम आवाजात हाकलावे आणि तोंड न फिरवता सावकाश मागे सरावे. अशा वेळी छत्री फार उपयोगी पडते, कारण ती एकदम उघडली की बरेच कुत्रे थबकतात. मात्र आपला कुत्रा तिला बुजू नये म्हणून घरी आधी सवय करावी. दगड मारणे मला अयोग्य वाटते, त्याने पुढच्या वेळचे वैर वाढते. भांडण जुंपलेच तर मध्ये हात घालू नये. आपल्या कुत्र्याला चावा बसल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी व रेबीजची लस आधी दिलेली असली तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे.