वास आला की ब्लीचिंग ओतू नका! छोटा एसटीपी चालवताना या चुका टाळा

मी सांगलीत अपार्टमेंट, हॉस्टेलचे छोटे एसटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करणारे प्लांट बघतो. फोन बहुतेक वेळा एकाच कारणानं येतो, "वास सुटलाय, लगेच या". आणि मी पोचेपर्यंत तिथल्या माणसानं एरेशन टाकीत (जिथं सांडपाण्यात हवा सोडतात) ब्लीचिंग पावडर नाहीतर फिनाईल ओतलेलं असतं. सगळ्यात मोठी चूक हीच. त्या टाकीत मैला खाणारे जिवाणू असतात, पाणी तेच साफ करतात, ब्लीचिंगनं ते मेले की प्लांट परत जाग्यावर यायला कितीतरी दिवस जातात. क्लोरीन द्यायचा तो अगदी शेवटी, गाळ खाली बसून वरचं पाणी नितळ झाल्यावर, आणि क्लोरीन टाकल्यावर ते पाणी अर्धा तास तरी थांबलं पाहिजे.

मग वास कशानं येतो? हवा कमी पडली म्हणून. लाईट बिल वाचवायला रात्री ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं मशीन) बंद ठेवतात, सकाळी टाकी काळी पडलेली असते आणि सडक्या अंड्याचा वास येतो. चांगल्या टाकीचं पाणी चॉकलेटी दिसतं आणि वास मातीसारखा येतो. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा. ब्लोअर चालू आहे तरी वास येत असेल तर बुडबुडे बघा. एकाच जागी मोठे बुडबुडे उसळत असतील तर डिफ्युझर (टाकीच्या तळाशी हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा भाग) फाटलाय, एखाद्या कोपऱ्यात काहीच हालचाल नसेल तर तिथला चोक झालाय. ब्लोअरचा एअर फिल्टर आणि बेल्ट तर कुणी बघतच नाही.

आता एक टेस्ट सांगतो, ती रोज करा, खर्च काही नाही. एरेशन टाकीतलं पाणी 1 लिटरच्या मोजपात्रात घ्या आणि 30 मिनिटं हलवू नका. गाळ 250 ते 350 मिलिपर्यंत बसला तर बरं चाललंय. 700-800 वरच राहिला तर लोक घाबरून तुरटी टाकतात. थांबा जरा. तेच पाणी निम्मं घ्या, त्यात निम्मं प्रक्रिया झालेलं पाणी घाला (क्लोरीन टाकण्याआधीचं) आणि परत बघा. आता गाळ झटकन खाली बसला तर गाळ फक्त जास्त झालाय, थोडा थोडा काढून टाका. तरीही कापसासारखा फुगलेलाच राहिला तर तंतूवाले जिवाणू वाढलेत, त्याचं कारण बहुतेकदा कमी हवा नाहीतर तेलकट पाणी. आणि छान बसलेला गाळ तासा-दोन तासांनी बुडबुड्यांसकट वर आला तर सेटलिंग टाकीत (जिथं गाळ खाली बसतो) गाळ फार वेळ पडून राहतोय, तो परत एरेशन टाकीत नेणारा पंप वाढवा.

फेसाचं म्हणाल तर नव्या प्लांटला पांढरा फेस येतोच, जिवाणू वाढले की जातो. जाड तपकिरी साय आली तर गाळ जुना झालाय नाहीतर तेल येतंय. दिवाळीत चकलीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका हो! मेस असेल तर ग्रीस ट्रॅप (तेल-तूप अडवणारं चेंबर) लागतोच, आणि तो साफही करावा लागतो.

पावसाळ्यात गच्चीचा पाईप ड्रेनेजला जोडलेला असला की जोराच्या पावसात सगळा गाळ टाकीबाहेर वाहून जातो आणि महिन्यांची मेहनत गेली. 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्या माणसानं तरी लाईटचं पॅनेल आणि ब्लोअर जमिनीवर ठेवू नये. आपलं सांगलीचं सांडपाणी शेरीनाल्यानं कृष्णा नदीत गेलेलं सगळ्यांनी बघितलंय आणि पिण्याचं पाणीही आपण कृष्णेचंच घेतो, म्हणून मी एवढा जीव तोडून सांगतोय.

शेवटचं, आणि यात अजिबात हयगय नको. टाकीत किंवा चेंबरमध्ये माणूस उतरवू नका, सुरक्षेच्या साधनांशिवाय साफसफाईला उतरवणं तर हातानं मैला साफ करवण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानं गुन्हाच आहे. सडक्या अंड्याच्या वासाचा तो विषारी गॅस वाढला की वास नाकाला कळेनासाच होतो, त्यामुळं "आता वास नाही, उतर" म्हणणं म्हणजे त्याला मारणंच. सक्शन टँकर बोलवा, पैसे जास्त लागले तरी.