रखडलेली साय-फाय चित्रपटमालिका: नट बदलण्याआधी हिशेब मांडा

सुरुवात आकड्यांपासून करा. ‘स्टार ट्रेक’च्या 2009च्या चित्रपटाचा खर्च सुमारे 15 कोटी डॉलर, जगभरची तिकीटविक्री सुमारे 38 कोटी. त्याच मालिकेतल्या 2016च्या ‘स्टार ट्रेक बियॉन्ड’चा खर्च साडेअठरा कोटी, विक्री 34 कोटींच्या आसपास. जवळपास निम्मी रक्कम थिएटरवाल्यांकडे जाते, जाहिरात वेगळी. म्हणून खर्चाच्या अडीचपट विक्रीचा ठोकताळा लावा: साडेअठराला 46 कोटी हवेत. तुटीचा चित्रपट पुन्हा त्याच खर्चात बेतू नका.

मग नटांचे करार काढा. पुढच्या भागांचं मानधन आधीच ठरलेलं असतं, पण नटाला त्या मानधनावर बोलावण्याच्या हक्काला मुदत असते. काम रखडलं की मुदत संपते आणि नट नव्या भावाने बोलतो.

नट बदलायचाच असेल तर सगळा नटसंच एकदम बदला. एकटाच नवा चेहरा डोळ्यांत खुपतो. ‘स्टार ट्रेक’ने 2009मध्ये नवी कालरेषा, म्हणजे जुन्याहून वेगळा घटनाक्रम, आणली, आणि जुन्या भागांत स्पॉक हे पात्र करणाऱ्या लिओनार्ड निमॉयना दुवा म्हणून ठेवलं. हा उपाय उत्तम.

जुन्या नटाची नक्कल मात्र अजिबात नको. ‘बॅक टू द फ्यूचर’च्या दुसऱ्या भागात (1989) पहिल्या भागातले नट क्रिस्पिन ग्लोव्हर नव्हते, म्हणून जेफ्री वाइसमन यांच्या चेहऱ्यावर मेकअपचे कृत्रिम तुकडे चढवून त्यांना ग्लोव्हरसारखं केलं, जुनी दृश्यंही वापरली. ग्लोव्हर कोर्टात गेले, प्रकरण तडजोडीने मिटलं. त्याच चित्रपटात नायकाच्या मैत्रिणीच्या, जेनिफरच्या, भूमिकेत आधीच्या नटीऐवजी एलिझाबेथ शू आल्या, तेव्हा पहिल्या भागाचा शेवट त्यांच्यासह पुन्हा चित्रित केला. असं पुनर्चित्रण अंदाजपत्रकात आधीच धरा.