कस्टम रॉमच्या कामात उतरताना : स्वतःची आवड कुठे ठेवावी

बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक करून तयार कस्टम रॉम, म्हणजे कंपनीबाहेरच्या लोकांनी बनवलेली अँड्रॉइडची आवृत्ती, फ्लॅश करणे (फोनमध्ये कायमची भरणे) ज्यांना जमते, त्यांना पुढे एखाद्या फोनचे डिव्हाइस ट्री, म्हणजे त्या फोनपुरत्या कोडचा आणि सेटिंग्जचा संच, आपणच सांभाळावे असे वाटू लागते. ही इच्छा चांगली आहे. 2016 च्या डिसेंबरात सायनोजनमॉड हा कस्टम रॉम बंद पडल्यावरही लिनिएजओएसच्या रूपाने ते काम टिकले, ते अशा हौशी लोकांमुळेच. मात्र आपल्याला आवडणारा कोड आणि दर्जेदार कोड यांतला फरक या कामात लवकर ओळखावा लागतो, नाहीतर पुढच्या माणसाचे हाल होतात.

माझे झाले. माझ्याकडे आलेल्या कर्नलमध्ये (फोनचे हार्डवेअर चालवणाऱ्या गाभ्यात) आधीच्या व्यक्तीने टॅब काढून चार-चार स्पेस घातल्या होत्या, महिरपी कंस पुढच्या ओळीवर नेले होते आणि त्याच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) कॅमेरा ड्रायव्हरची एक खरी दुरुस्तीही केली होती. लिनक्स कर्नलची शैली आठ अक्षरांच्या टॅबची आहे. ती कोणाला आवडो वा न आवडो, मूळ कोड तसाच येतो. अँड्रॉइडचे सुरक्षा बुलेटिन दर महिन्याला निघते आणि त्यातील पॅच (कोडमधली दुरुस्ती) आजूबाजूच्या ओळी जुळल्या तरच सरळ लागतो. त्या ओळीच बदललेल्या असल्याने पाच ओळींच्या पॅचलाही कॉन्फ्लिक्ट येई, म्हणजे तो आपोआप बसत नसे, आणि हाताने जुळवताना एखादी तपासणीची अट गळून पडण्याची धास्ती कायम असे. कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधले ब्लेम, म्हणजे कोणती ओळ कोणत्या कमिटमधून आली ते दाखवणारी आज्ञा, चालवावे तर प्रत्येक ओळीवर तेच कमिट दिसे. बिघाड कोणत्या कमिटपासून सुरू झाला ते शोधणारे बायसेक्ट त्याच कमिटपाशी येऊन थांबे. आणि ते रिव्हर्ट करावे (मागे घ्यावे) तर कॅमेऱ्याची दुरुस्तीही जाई.

म्हणून दुसऱ्याच्या कोडची मांडणी बदलू नका. स्वतःच्या कोडची बदलायची असेल, तर ते कमिट वेगळे ठेवा. दोन्ही बदल एकाच फाइलमध्ये मिसळले असतील, तर ‘गिट अ‍ॅड -पी’ने ते तुकड्यातुकड्याने निवडता येतात. 2019 च्या गिट 2.23 पासून ब्लेममध्ये ठरावीक कमिट वगळता येते खरे, पण त्याने इतिहास वाचणे सोपे होते, पॅच लागत नाही.

आवडीला जागा नाही असे मुळीच नाही. अँड्रॉइडच्या मूळ फ्रेमवर्कला हात न लावता बरेच काही ओव्हरलेमधून, म्हणजे मूळ सेटिंग्जवर वरून लागू होणाऱ्या वेगळ्या फाइल्समधून, बदलता येते, आणि ब्राइटनेसच्या पायऱ्यांसारख्या गोष्टी तिथेच शोभतात.

हे सगळे शिकायला गुरू लागतोच; तयार पॅच हातात ठेवणाऱ्या गुरूपेक्षा ‘ही ओळ का लिहिलीस?’ असे विचारणारा गुरू मला केव्हाही मोलाचा वाटतो, मग तो कितीही तुसडा असो. दुसऱ्याच्या ट्रीमधून कमिट उचलताना मूळ लेखकाचे नाव पुसणाऱ्यांपासून मात्र दूरच राहा.

संपूर्ण अँड्रॉइड बिल्ड करायला सुमारे 400 जीबी जागा लागते, हे वाचून खचू नका. केवळ कर्नल साध्या लॅपटॉपवरही तयार होतो, आणि पुष्कळ फोनवर ‘फास्टबूट बूट’ या आज्ञेने नवी बूट इमेज (कर्नल असलेली फाइल) फ्लॅश न करता तात्पुरती चालवून पाहता येते. फोन अडकलाच, तर रीस्टार्ट केल्यावर तो जुन्याच कर्नलवर सुरू होतो.